पाण्यातली ठिणगी

मंडळी, आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे, थोडा धीर धरून वाचा.

माझा भाचा सुट्टीत मालवणला जाऊन समुद्रात बुडी मारून आला. मासे, प्रवाळ वगैरे सगळं वर्णन करून झाल्यावर त्यानं फोनवर विचारलं, "मावशी, तळाला एखादा शेवाळ चढलेला तुकडा दिसला, तर तो लोखंडाचा की पितळेचा, हे वर न काढता कळतं का गं?" मी जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर मात्र रसायनशास्त्राच्या दारात नेणारं निघालं. ते शोधता शोधता मी जमखंडी, विजयदुर्ग, जेऊर असं फिरून शेवटी आपल्या पुण्यातच येऊन पोचले. आहे की नाही गंमत?

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, हो, कळतं. पाण्याखाली त्या वस्तूवर लेझरची ठिणगी पाडायची आणि ठिणगीचा उजेड वाचायचा.

आता उजेड वाचायचा म्हणजे काय? स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे दोन कण पडले की ज्योत पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीनं पाहिलेलं असतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. दिवाळीच्या भुईनळ्यात लाल रंग बहुधा स्ट्रॉन्शियमचा असतो आणि हिरवा बेरियमचा. कुठलंही मूलद्रव्य पुरेसं तापवलं की ते आपल्या ठरलेल्या रंगांचाच उजेड देतं. तो उजेड लोलकातून पाहिला की रंगांच्या बारीक, सुट्या रेघा दिसतात. सोडियमच्या रेघा सोडियमच्या, तांब्याच्या तांब्याच्या. सही जशी एकाची दुसऱ्यासारखी नसते, तसंच हे.

ही सही वाचण्याची पद्धत जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्कहोफ या दोघांनी १८५९-६० मध्ये बसवली. आणि तिचा पहिला मोठा पराक्रम पाण्यातलाच आहे. ड्युर्कहाइम गावच्या झऱ्याच्या पाण्यातले क्षार ज्योतीत धरल्यावर त्यांना दोन अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. ते नवं मूलद्रव्य होतं, त्याचं नाव त्यांनी सीझियम ठेवलं. पण रेघा दिसल्या तरी पदार्थ हातात यायला हवा ना! त्यासाठी सुमारे ४० टन पाणी आटवावं लागलं, तेव्हा कुठे काही ग्रॅम सीझियमचा क्षार मिळाला. पाण्यात काय आहे हे विचारायचं तर आधी पाणी संपवावं लागायचं, असा तो काळ.

आता आपल्याकडे येऊ या.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. नवा वर्णपटदर्शक घेऊन युरोपातले शास्त्रज्ञ इकडे धावले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि इंग्रजांचे मेजर टेनंट गुंटूरला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात! (जमखंडी आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे.) आकाशात ढगांची ये-जा चालली होती, तरी हर्शेलना सूर्याच्या कडेच्या ज्वालेत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा रेघा दिसल्या. नारिंगी रेघ सोडियमची असावी असं तेव्हा वाटलं. पुढे २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. ती पिवळी-नारिंगी रेघ सोडियमच्या रेघांच्या शेजारची, पण वेगळी आहे हे हळूहळू स्पष्ट झालं. पृथ्वीवरच्या कुठल्याच ठाऊक पदार्थाशी ती जुळेना. सूर्याचं ग्रीक नाव हेलिऑस, त्यावरून तिच्या मालकाचं नाव हेलियम पडलं.

आता एक नाजूक गोष्ट सांगते. कोकणात गेलात की विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, लॉकियर साहेबानं १८६८ साली इथूनच हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिनही साजरा होतो. ऐकताना ऊर भरून येतो. पण १८६८ मध्ये लॉकियर विलायतेतच होते. ते विजयदुर्गाला आले हे खरं, पण ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या इंग्रजी युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. ओट्यांचा संबंध लॉकियरशी जोडायचाच, तर या सालाशी जोडायला हवा. आणि तोवर हेलियम काही सूर्यावरच राहिला नव्हता. १८९५ साली विल्यम रॅमसे यांना तो युरेनियमच्या एका खनिजात, म्हणजे पृथ्वीवरच, सापडला होता.

मग आपल्या वाट्याला काहीच नाही का? आहे, आणि फार मोलाचं आहे. फक्त ते आपण विसरलो.

१८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले असताना वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी ५००० रुपये देऊ केले. मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. हे काम ज्यांच्यामुळे उभं राहिलं ते कावसजी दादाभाई नेगमवाला, तिथले पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक. ते विलायतेला जाऊन तिथल्या जाणत्यांशी बोलून आले आणि प्रयोगशाळेची वेधशाळा झाली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे नंतरच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, १८८८ पासून ती चालू होती. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानातली सर्वात मोठी. आमच्या बुधवार पेठेतून निघून शनिवारवाड्यावरून नदी ओलांडली की जिथं पोचतो, तिथं हा माणूस रात्र रात्र ताऱ्यांचा आणि तेजोमेघांचा उजेड वाचत होता.

१८९८ च्या त्याच ग्रहणाला नेगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला गेले आणि त्यांनी सूर्यकडेच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. जरा तो काळ डोळ्यांपुढे आणा. पुण्यात प्लेग, आदल्या वर्षी झालेला रँडचा वध, टिळक तुरुंगात... आणि अशात पुण्याचा एक प्राध्यापक यंत्रं घेऊन जेऊरच्या माळावर मुक्काम करतो! त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापून निघाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण, यंत्रं कोडाईकनालला गेली. विजयदुर्गाच्या कथेचं जेवढं कौतुक आपण केलं, त्याच्या दशांशानं जरी या माणसाचं केलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

असो. भाचा म्हणेल, मावशी, माझा तुकडा अजून पाण्यातच आहे!

तर ताऱ्याचा उजेड आयता मिळतो, पण समुद्रतळाला पडलेल्या वस्तूला स्वतःचा उजेड नाही. तिला तापवणार कसं? पाण्यात ज्योत पेटत नाही. इथं लेझर उपयोगी पडला. आमच्या तपकीर गल्लीत हल्ली लेझरची खेळणी मिळतात, लाल ठिपका भिंतीवर नाचवायची. पण पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला, तेव्हा ते नवलच होतं. दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, ब्रेच आणि क्रॉस या दोघांनी लेझरनं पदार्थाचा कण उडवून त्याची वाफ करून तिचा वर्णपट घेता येतो हे दाखवलं. लेझरचा झोत भिंगानं एका बिंदूवर आणायचा आणि सगळी शक्ती सेकंदाच्या काही अब्जांश भागात ओतायची. त्या जागी सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो, तिथला पदार्थ हजारो अंश तापतो आणि त्याच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. ती ठिणगी विझता विझता आपल्या रेघा सांगून जाते. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या पद्धतीला 'लिब्स' म्हणतात.

हवेत हे छान चालतं. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या पद्धतीवर काम झालेलं आहे. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीवर असंच एक यंत्र होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यानं चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं जागेवरच सांगितलं. मला वाटलं होतं, एवढ्या लांब चंद्रावर जमलं तर आपल्या दारचा समुद्र किती सोपा! पण प्रकरण उलटं आहे. चंद्रावर हवाही नाही, त्यामुळे ठिणगीला पसरायला मोकळी जागा मिळते. पाण्यात तिला सगळीकडून दाब. ती पसरत नाही, लगेच थंड होते आणि क्षणार्धात विझते. तेवढ्यात जो उजेड मिळतो त्यातल्या रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळतात. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकापुढे उभं राहून कोणी कानात नाव सांगितलं तर जसं ऐकू येईल, तसं काहीसं.

यावर एक युक्ती निघाली. १९८४ साली अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत क्रेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात एकामागोमाग दोन झोत सोडून पाहिले. पहिल्या झोतानं पाण्याची वाफ होऊन बुडबुडा तयार होतो. तो मिटायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात, दुसरा झोत त्या बुडबुड्यात येतो. आता ठिणगी पाण्यात नसून वाफेत पडते, त्यामुळे ती मोठी होते, जास्त टिकते आणि तिच्या रेघा स्वच्छ दिसतात. पाण्यात राहून पाण्यापासून क्षणभर वेगळं व्हायचं!

खोल समुद्रात मात्र ही युक्तीही लंगडी पडते. १० मीटर खोलीमागे एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ३००० मीटरवर जवळपास ३०० पट. त्या दाबाखाली पहिल्या झोताचा बुडबुडा वाढतच नाही. जपानी संशोधकांनी मग वेगळा रस्ता धरला. झोत एकच, पण तो दीडशे-दोनशे अब्जांश सेकंद चालणारा. तुम्हाआम्हाला हा फरक हास्यास्पद वाटेल, पण ठिणगीच्या आयुष्यात तो मोठा आहे. या जोरावर त्यांनी 'केमिकॅम' नावाचं खोल समुद्रातलं यंत्र केलं, आणि समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी दगडांत कोणते धातू आहेत ते जागेवरच तपासलं. हायडेलबर्गच्या ४० टन पाण्याची इथं आठवण होते. आता पाणी आटवायला नको आणि दगड वर आणायला नको.

यानं आपला काय फायदा, असं कोणी विचारेल. दोन उदाहरणं देते, दोन्ही गोव्याची.

दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळाचा पहिला धातुगोळा वर काढला. बटाट्यासारखे दिसणारे हे काळे गोळे, त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. या कामामुळे १९८७ मध्ये भारताला हिंदी महासागराच्या तळावर शोधाचा नोंदणीकृत हक्क मिळाला. गोळ्यात काय आहे हे कळायला तो हजारो मीटर वर ओढून प्रयोगशाळेत न्यावा लागायचा. तळावरच ठिणगी पाडून ते विचारता आलं, तर किती तळ विनाकारण खरवडला जाणार नाही याचा विचार करा.

दुसरं उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचं. याच संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागानं गोव्याजवळ सुंची खडकापाशी बुडालेल्या, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे असं बरंच काही मिळालं. जवळच दुसऱ्या एका बुडालेल्या जहाजातल्या कौलांवर तर 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा छापच होता! त्यामुळे माल कोणाचा आणि जहाज साधारण कधीचं हे आपोआप उलगडलं. पण प्रत्येक वस्तूवर असा छाप कुठून असणार?

आणि समुद्रातली वस्तू वर काढणं म्हणजे काही तिला वाचवणं नव्हे. शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेलं लोखंड हवेत आलं की त्यात मुरलेल्या क्षारांमुळे झपाट्यानं गंजतं, भुगा होतो. लाकूड वाळून तडकतं. प्रत्येक वस्तूला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पाण्यात आणि रसायनांत ठेवून सांभाळावं लागतं. म्हणून काय वर काढायचं आणि काय तळालाच राहू द्यायचं, हे आधी कळणं फार महत्त्वाचं. स्पेनमधल्या मालागा विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच केलं. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईतलं 'ब्युसेन्टॉर' हे फ्रेंच जहाज काडीझच्या उपसागरात बुडालेलं आहे. त्यांनी लेझर बोटीवर ठेवला, झोत ऑप्टिकल फायबरमधून खाली नेला आणि हवेच्या फवाऱ्यानं वस्तूवरचं पाणी क्षणभर बाजूला सारून ठिणगी पाडली. ती वस्तू तळाला होती तिथंच राहिली आणि आपण कशाच्या आहोत ते सांगती झाली.

आता इतिहासाच्या शिक्षिकेची एक सूचना. ठिणगी फक्त 'काय' ते सांगते. 'कोणाचं', 'कधीचं', 'का' हे ती सांगत नाही. पुन्हा विजयदुर्गाचंच उदाहरण घ्या. किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली एक भिंत आहे आणि तिच्यावर शत्रूची जहाजं आपटून फुटत, असं सांगतात. उद्या तिथल्या दगडांच्या सांध्यावर अशी ठिणगी पाडली आणि चुन्यातल्या कॅल्शियमच्या रेघा दिसल्या, तर लगेच 'बांधकाम सिद्ध झालं' म्हणून पेढे वाटायचे का? नाही. कॅल्शियम शिंपल्यांतही असतं आणि दगडाला चिकटलेल्या कालवांतही. मग आणखी ठिकाणी तपासायचं, कागदपत्रं बघायची, रचना मोजायची. जमखंडीला दिसलेली ती नारिंगी रेघसुद्धा आधी सोडियमचीच वाटली होती. सही दिसली तरी ती कोणाची हे ताडून बघावंच लागतं.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडली. या शास्त्रात वस्तूचं म्हणणं पहिलं ऐकायचं असतं, आपलं मत मागाहून. विजयदुर्गाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं केलं. कथा आधी आवडली, साल नंतर बघू म्हटलं, आणि मग कोणी पाहिलंच नाही. त्या नादात ज्यांनी पुण्यात खरोखर हे काम केलं त्या नेगमवालांचं नाव मुलांच्या कानावर पडलं नाही. हेलियमचा शोध आपल्या किल्ल्यावर लागला नाही म्हणून विजयदुर्ग काही लहान होत नाही. १८९८ साली सूर्याचा उजेड वाचायला जगातला एक नामांकित शास्त्रज्ञ तिथं मुक्कामाला होता, ही खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

तेव्हा देवगड-विजयदुर्गच्या माझ्या नातेवाइकांना आणि वाचकांना एक विनंती. पाहुण्यांना किल्ला दाखवायला न्याल तेव्हा ओट्यांपाशी १८९८ हे साल सांगा, आणि त्याच दिवशी जेऊरला कोण होतं तेही सांगा. कोणाकडे त्या ग्रहणाच्या घरच्या आठवणी असतील, आजी-पणजीनं सांगितलेल्या, तर मला जरूर लिहून कळवा. आणि भाचेसाहेब, पुन्हा मालवणला बुडी माराल तेव्हा तळाचा तुकडा दिसला तरी उचलू नका. तिथंच राहू द्या. त्याला प्रश्न विचारणारे येतील.